नळी जुनी, साज नवा : तोड्याच्या बंदुकीपासून पंप-ॲक्शनपर्यंत

१/
सातारा जिल्ह्यातील 'फलटण' हे गाव आणि सैन्याची 'पलटण' हे दोन शब्द इतके सारखे ऐकू येतात, की गावाचे नाव फौजेवरून पडले असावे असे अनेकांना वाटते. तसे नाही. महानुभाव परंपरा फलटणला चक्रपाणी महाराजांचे जन्मगाव मानते. शहाजीराजांच्या मातोश्री उमाबाई आणि शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील होत्या. म्हणजे गावाचे नाव शेकडो वर्षे जुने आहे. 'पलटण' हा शब्द मात्र युरोपीय लष्करी भाषेतून आला आणि मराठीत रुजला तो अठराव्या शतकात.

२/
हा उसना शब्द मराठी इतिहासात ज्यांच्या फौजेने सर्वाधिक गाजवला ते महादजी शिंदे मूळचे फलटणच्या शेजारच्याच मुलखातले. शिंदे घराण्याचे गाव कण्हेरखेड आज सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात आहे. महादजींच्या पलटणींत एक विलक्षण शस्त्र होते : देशी तोड्याची बंदूक, पण तिच्या तोंडाला युरोपीय धर्तीची संगीन. जुन्या बंदुकीवर बसवलेला हा नवा साज म्हणजे एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न होता. हातातले शस्त्र टाकून न देता ते नव्या युद्धाला जुळवून घेता येईल काय? हा धागा त्या प्रश्नाचा मागोवा घेतो.

३/
आधी बंदूक समजून घेऊ. तोड्याच्या बंदुकीचे मुख्य भाग मोजकेच. लोखंडी नळी. तिला आधार देणारा लाकडी दस्ता. नळीच्या मागच्या टोकाशी, बाजूला, एक बारीक छिद्र आणि त्याला लागून छोटी वाटी. हिचे नाव रंजकदान. त्यात घालायची बारीक दारू म्हणजे रंजक. जळता तोडा धरणारा लोखंडी चिमटा दस्त्याच्या फटीतून वर आलेला असतो आणि खाली असते ती कळ. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते.

४/
कळ दाबली की चिमटा पुढे झुकतो, तोड्याचे धगधगते टोक रंजकाला लागते, रंजक पेटतो आणि छिद्रावाटे ज्वाला नळीतल्या मुख्य दारूपर्यंत पोहोचते. ती पोहोचली तर बार उडतो. छिद्र बुजलेले असेल किंवा आतली दारू सर्द असेल तर रंजक नुसताच भुस्सकन जळून जातो. 'फुसका बार' हा शब्दप्रयोग आज राजकीय भाषणांच्या बातम्यांत सर्रास वापरला जातो. बंदूकधाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ जिवावर बेतणारा होता.

५/
म्हणून या बंदुकीबरोबर नेहमी एक लहानसा संसार चाले. दारू व गोळी ठासण्यासाठी गज. छिद्र मोकळे करण्यासाठी साखळीने दस्त्याला बांधलेली लोखंडी सुई. मुख्य दारूसाठी मोठे शिंग किंवा कुप्पी, रंजकासाठी वेगळी छोटी कुप्पी. गोळ्यांची पिशवी. खांद्याला अडकवण्याचा पट्टा. लांब नळीच्या काही बंदुकांना टेकू देणारे दोन पाय. आजच्या भाषेत या सगळ्याला 'ॲक्सेसरीज' म्हणतील. त्या काळी यातली एक वस्तू हरवली, तरी उरलेली बंदूक म्हणजे केवळ एक जड काठी.

६/
दस्त्याकडे पाहिले तर देशी आणि युरोपीय बंदुकीतला फरक चटकन कळतो. युरोपीय मस्केटचा दस्ता मागे रुंद होतो आणि खाली वाकतो, म्हणजे खांद्यात नीट बसतो. आपल्याकडचा दस्ता बहुधा सरळ, सडपातळ, कापला तर पंचकोनी दिसेल असा. नळी त्यावर पितळी कड्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वादीने आवळलेली. ही बांधणी ओबडधोबड वाटेल, पण तिच्यात एक सोय दडलेली होती : बांधणी सोडली की नळी मोकळी. दस्ता तडकला, किडला किंवा मालकाला तोकडा वाटला, तर गावचा सुतार दुसरा घडवू शके.

७/
नळी मात्र सुताराच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती गुंडाळणे, कडा ठोकून जोडणे, मग आतून घासून सरळ करणे हे अत्यंत कष्टाचे काम. जोड कच्चा राहिला तर नळी फुटून चालवणाऱ्याच्याच तोंडावर येई. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या बंदुकखान्याचे सविस्तर वर्णन आहे : पट्टी कशी गुंडाळावी इथपासून, एकाच वेळी सोळा नळ्या आतून साफ करणाऱ्या, बैलाने फिरवायच्या यंत्रापर्यंत. अकबराच्या आवडत्या बंदुकीला नावही होते, 'संग्राम'.

८/
पश्चिम किनाऱ्यावर याच कलेचे दुसरे केंद्र होते गोवा. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकले तेव्हा आदिलशाही काळातले बंदूक घडवणारे कारागीर तिथे आधीपासून होते. अल्बुकर्कने आपल्या राजाला त्यांच्या कामाची वाखाणणी कळवली आणि मध्य युरोपातील नामांकित कारागिरांशी त्यांची बरोबरी केली. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर जी बंदूक पोहोचली, तिच्या घडणीचे धागे गोव्याशी जुळतात असे काही अभ्यासक मानतात. 'हिंदुस्थानात बंदूक बनतच नव्हती' हे विधान म्हणूनच टिकत नाही.

९/
नळी महाग आणि दस्ता स्वस्त, या एका साध्या हिशेबातून बंदुकीचा पुढचा इतिहास घडला. चांगली नळी पिढ्यान्‌पिढ्या टिके. तिला तुर्की नक्षी असो वा दख्खनी, मालक बदलला की दस्ता बदले, कडी बदलत, पट्टा बदले. संग्रहालयांत आजही अशा बंदुका दिसतात, ज्यांची नळी एका शतकाची आणि लाकूड दुसऱ्या शतकाचे आहे. त्यामुळे 'ही बंदूक कोणत्या सालची?' या प्रश्नाला अनेकदा एकच उत्तर नसते. प्रत्येक भागाला आपापले साल असते.

१०/
शिवकाळात बंदुकीचे महत्त्व किल्ल्यांच्या लढाईत सर्वाधिक. तटाआडून नेम धरणाऱ्याला घाई नसते. त्याला पल्ला आणि अचूकपणा हवा. देशी बंदुकीच्या लांब नळीने तो दिला. कोकणातले हेटकरी नेमबाज म्हणून नावाजलेले होते. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही कबूल केले, की हिंदुस्थानी तोड्याची बंदूक त्यांच्या मस्केटपेक्षा दूर मारते. 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची ताकीद दिली आहे. म्हणजे दारूचा साठा आणि तिचा धोका, दोन्ही राज्यकारभाराच्या रोजच्या चिंतेत होते.

११/
पण मोकळ्या मैदानात हिशेब उलटा होतो. तोडा सतत जळत ठेवावा लागतो, रात्री त्याचे ठिणगीएवढे टोक दुरून दिसते, पावसात तो विझतो, आणि शेजारी उभ्या असलेल्याची दारूची कुप्पी पेटवण्याची भीती असतेच. दाट रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहणे म्हणून कठीण. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस यावर दोन उपाय निघाले. चकमकीच्या गारेतून ठिणगी पाडणारा चाप, म्हणजे तोड्याची गरजच संपली. आणि नळीभोवती कड्याने बसणारी संगीन, म्हणजे पाते लावलेले असतानाही बार उडवता येऊ लागला.

१२/
या दोन उपायांनी पायदळाचे स्वरूप बदलले. बंदूकधारी आणि भालाईत ही दोन वेगळी माणसे उरली नाहीत. एकच शिपाई दोन्ही झाला. अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच आणि इंग्रज कंपन्यांनी दक्षिणेत हे पायदळ उभे केले आणि दख्खनच्या सत्तांनी ते डोळ्यांनी पाहिले. इब्राहिमखान गारदी निजामाकडून मराठ्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी विस्कळीत केली. माधवराव पेशव्यांच्या काळात तोफगोळ्यांसाठी आंबेगव्हाण येथे कारखाना काढण्यात आला. नव्या युद्धाची जाण होती. अडचण होती ती विस्ताराची.

१३/
पानिपतातून लंगडत परतलेल्या महादजींनी ही जाण सर्वांत पुढे नेली. १७८४ मध्ये त्यांनी बनुआ द बॉयन या सव्हॉयच्या माणसाला चाकरीस ठेवले. १७५१ मध्ये शांबेरी येथे जन्मलेला हा गृहस्थ फ्रेंच, रशियन आणि इंग्रज कंपनीच्या चाकऱ्या करून इथवर आला होता. सुरुवात दोन पलटणींपासून झाली. पाटण आणि मेडता येथील १७९० च्या विजयांनंतर पलटणींचे 'कंपू' झाले. आज मराठीत 'कंपू' म्हणजे आपापसांत संगनमत करणारी टोळी. तेव्हा तो तोफखान्यासह स्वतंत्रपणे लढू शकणारा पायदळाचा मोठा विभाग होता.

१४/
या कंपूत दोन तऱ्हांचे शिपाई होते. पहिले 'तेलंगे'. त्यांच्याकडे युरोपीय धर्तीची चकमकीची मस्केट आणि संगीन असे, कवायतही युरोपीय. दुसरे 'नजीब', बहुतांशी पठाण व रोहिले. हे आपली सवयीची तोड्याची बंदूक घेऊन आलेले. द बॉयनने त्यांची बंदूक काढून घेतली नाही. तिलाच त्याने संगीन बसवली. लांब पल्ल्याची देशी नळी, देशी तोडा, आणि तोंडाशी परदेशी पाते : असा हा तिहेरी मिलाफ.

१५/
हे सांगायला सोपे, करायला किचकट. युरोपीय मस्केटच्या नळ्या ठरावीक मापाच्या असल्याने एका संगिनीचे कडे दुसऱ्या नळीलाही बसे. देशी नळ्या हातघडणीच्या, प्रत्येकीची जाडी वेगळी. शिवाय अनेक नळ्यांच्या तोंडाशी शोभेचा फुगवटा, कधी वाघाचे तोंड, कधी फुलासारखी कडा. अशा तोंडावर कडे सरकवायचे तर ते त्या त्या नळीसाठी घडवणे किंवा फुगवटा घासणे, यातले काहीतरी करणे भाग. शोभा आणि उपयोग यांचे भांडण बंदुकीच्या टोकाशी असे उभे राही.

१६/
मग हा खटाटोप का? कारण बार उडवल्यानंतरचा काळ. तोड्याची बंदूक पुन्हा भरायची तर दारू, गोळी, गज, रंजक, तोड्याची जुळणी, अशी पायऱ्यांची रांग. तेवढ्या वेळात दौडत आलेला घोडेस्वार अंगावर पोहोचे. पूर्वी अशा वेळी बंदूक टाकून तलवार उपसावी लागे आणि फळी तिथेच मोडे. संगीन बसवल्यावर रिकामी बंदूकही भाल्यासारखी रोखून धरता येऊ लागली. राजपुतान्याच्या मैदानांत राठोडांच्या घोडदळाशी गाठ असलेल्या पायदळाला याहून मोलाची दुसरी गोष्ट नव्हती.

१७/
महादजींनी केवळ जोडाजोडीवर विसंबून राहिले नाही. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली त्यांचा तोफा ओतण्याचा आणि बंदुका घडवण्याचा कारखाना चाले. तिथल्या मस्केट सुमारे दहा रुपयांत तयार होत आणि त्या युरोपीय मालाच्या तोडीच्या होत्या, असे तत्कालीन वृत्तांतांवरून सांगितले जाते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. द बॉयनही १७९५ संपता संपता चाकरी सोडून युरोपला परतण्याच्या वाटेला लागला. कंपू आणि कारखाना दोन्ही मागे उरले, ते पेराँ या फ्रेंचाच्या हाती.

१८/
इथे खरा पेच समजून घेतला पाहिजे. एका बंदुकीला नवा साज चढवणे वेगळे आणि हजारो बंदुकांना एकच दारूगोळा पुरवणे वेगळे. ईस्ट इंडिया कंपनीची 'इंडिया पॅटर्न' मस्केट ३९ इंची नळीची आणि ठरलेल्या तोंडाची. तिच्यासाठी एकाच मापाची गोळी आणि कागदात गुंडाळलेले तयार काडतूस पेट्यांनी पाठवता येई. देशी बंदुकीची नळी वेगळी, म्हणून गोळीही वेगळी. एक शिपाई पडला तर त्याची गोळी शेजाऱ्याच्या नळीत बसेलच असे नाही. कारागिराच्या हाताचा गुण असा सैन्याच्या पुरवठ्याचा दोष ठरे.

१९/
तरीही १८०३ चा पराभव बंदुकीच्या माथी मारता येत नाही. २३ सप्टेंबरला आसईच्या मैदानावर शिंद्यांच्या पायदळाने आणि तोफांनी आर्थर वेलस्लीच्या फौजेची दीड हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी केली. १ नोव्हेंबरला लासवाडीवर शिंद्यांच्या पलटणी बहुतेक युरोपीय अधिकाऱ्यांविना लढल्या, आणि इतक्या चिवटपणे, की जिंकलेल्या लेकलाही त्यांची स्तुती करावी लागली. मोडले ते शस्त्र नव्हते.

२०/
मोडली ती वरची साखळी. युद्ध सुरू होताच गव्हर्नर-जनरल वेलस्लीने मराठ्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांना ती सोडून येण्याचे आवाहन केले आणि त्यांना निर्वाहवेतन देऊ केले. अनेकजण गेले. पेराँने तर ऐन लढाईत अंग काढून घेतले. कंपूची कवायत, हुकूम आणि पुरवठा परक्या अधिकाऱ्यांभोवती गुंफलेला होता. ते निघाले आणि वीण उसवली. समाजमाध्यमांवर 'मराठ्यांकडे चांगल्या बंदुका नव्हत्या म्हणून राज्य गेले' असे एका वाक्यात सांगितले जाते. त्याऐवजी असे म्हणणे अधिक रास्त : बंदुकीचा प्रत्येक भाग बदलून घेता आला, बंदूक चालवणारी व्यवस्था मात्र उसनीच राहिली.

२१/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. सातारची गादी इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना दिली आणि १८२० च्या करारांनी फलटण, औंध, भोर, जत, अक्कलकोट हे जहागीरदार साताऱ्याच्या छत्राखाली, पण इंग्रजांच्या हमीवर राहिले. बंदुकीच्या जगात याच सुमारास तिसरा बदल चालू होता. गार आणि रंजक दोन्ही घालवून, आघाताने पेटणारे रसायन भरलेली तांब्याची इवलीशी टोपी आली. पावसातही बार उडू लागला.

२२/
या बदलासाठीही नवी बंदूक घेण्याची सक्ती नव्हती. जुन्या छिद्राच्या जागी टोपी बसवण्याची पोकळ बोंडी घट्ट करायची, रंजकदान काढून टाकायचे, गार धरणाऱ्या चापाऐवजी हातोडीसारखा घोडा लावायचा, की चकमकीची बंदूक टोपीची झाली. युरोपातल्या सरकारांनी आपल्या लाखो बंदुका अशाच बदलून घेतल्या. आपल्याकडे चांगल्या लोहारानेही हे काम केले. ग्रामीण महाराष्ट्रात 'ठासणीची बंदूक' या नावाने जी तोंडाकडून भरायची बंदूक विसाव्या शतकातही ओळखीची राहिली, ती या कुळातली.

२३/
आणि मग कायदा आला. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने, देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या कायद्याबरोबरच, शस्त्र कायदा मंजूर केला. शस्त्र बाळगण्यास परवाना. शस्त्र घडवण्यास, त्यात बदल करण्यास आणि विकण्यासही परवाना. युरोपीय लोकांना मात्र सूट. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि दख्खनमधील प्रत्येक शस्त्राकडे सरकार संशयाने पाहू लागले.

२४/
कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत दरबाराचा अंमल. पण फलटण संस्थानाचा नकाशा पाहा : उत्तरेला नीरेपलीकडे पुणे जिल्हा, पूर्वेला सोलापूर, दक्षिण-पश्चिमेला सातारा. चहूबाजूंनी ब्रिटिश मुलूख. संस्थानी हद्द ओलांडून बंदूक नेणे म्हणजे परवान्याचा प्रश्न. संस्थानिकांच्या शिकारीच्या बंदुकांना वाट होती. सामान्य रयतेच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीला ती नव्हती.

२५/
या कायद्याची राजकीय बाजू पुष्कळदा लिहिली गेली आहे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून राष्ट्रसभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. कारागिराची बाजू कमी लिहिली जाते. ज्या लोहाराने, सुताराने, शिकलगाराने नळीला नवा दस्ता चढवला, छिद्राला बोंडी बसवली, त्याच्या हातचे काम एका रात्रीत परवान्याचे झाले. शस्त्र जप्त करता येते आणि परतही देता येते. बापाकडून मुलाकडे जाणारी हातोटी मात्र एकदा थांबली की परत देता येत नाही. मराठी मुलखाचे खरे निःशस्त्रीकरण असे कारागिराच्या भात्यापाशी झाले.

२६/
तिकडे इंग्लंडात याच काळात काडतुसी बंदूक परिपूर्ण होत होती. छर्ऱ्याच्या बंदुकीला 'बारा बोअर' म्हणतात ते का? एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या तोंडात बसेल ती नळी बारा बोअरची. तिथले बंदूकसाज गिऱ्हाइकाचे माप शिंप्यासारखे घेत : दस्त्याची लांबी हाताच्या लांबीप्रमाणे, त्याचा उतार मान आणि डोळ्याच्या उंचीप्रमाणे, बाजूचा किंचित कल खांद्याच्या रुंदीप्रमाणे. नेम डोळा धरतो, पण डोळ्याला योग्य जागी आणून बसवतो तो दस्ता. संस्थानिकांच्या दुनळी बंदुका अशा मापाने घडत. सामान्य माणसाला बंदूक मिळेल तशीच खांद्याला लावावी लागे.

२७/
पंप-ॲक्शन बंदुकीने हा श्रीमंती थाट मोडला. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवे आत. ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८८२ मध्ये असे एक पेटंट घेतले. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरील विंचेस्टर १८९७ ने ते घराघरांत नेले. कारखान्यात एका मापाने बनलेले भाग असल्यामुळे दस्ता, मूठ, नळी बदलणे हे स्क्रू-पाना घेऊन करण्याचे काम झाले. १९५० पासून बनणाऱ्या रेमिंग्टन ८७० भोवती तर सुट्या भागांची स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली. अमेरिकेत पहिली पंप-ॲक्शन घेतलेला तरुण आज तिला नवा दस्ता लावतो, तेव्हा तो द बॉयनच्या नजीबांना कधीच न मिळालेली सोय वापरत असतो : कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसण्याची.

२८/
आणि तरी इतिहास कसा वळसा घेतो पाहा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने हीच विंचेस्टर १८९७ फ्रान्सच्या खंदकांत नेली. जाताना तिला काय जोडले? तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून छिद्रांचे लोखंडी आवरण, खांद्याचा पट्टा, आणि तोंडाशी संगीन. शिकारीची बंदूक सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नजीबांच्याच मार्गाने युद्धाची झाली. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने या 'अमानुष' बंदुकीविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. अमेरिकेने तो फेटाळला.

२९/
स्वतंत्र भारतात ८ मार्च १९४८ रोजी फलटण मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. लिटनची वांशिक सूट त्यात नाही. पण शस्त्र बनवणे, त्यात बदल करणे, ते दुरुस्त करणे यासाठी परवाना आजही लागतो, आणि विनापरवाना नळी कापून आखूड करणे हा स्वतंत्र कलमाने ठरवलेला गुन्हा आहे. बारा बोअरची पंप-ॲक्शन बंदूक सरकारी आयुध निर्माणीही तयार करते. शेतातल्या रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना मागणारा शेतकरी आणि बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक, हे इथल्या बारा बोअरचे नेहमीचे धनी. त्यांच्यालेखी बंदुकीचा साज म्हणजे बहुधा खांद्याचा पट्टा आणि काडतुसांचा कमरपट्टा, एवढाच.

३०/
शेवटी एक उपयोगाची गोष्ट. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जुन्या शस्त्रांसमोर उभे राहाल तेव्हा बंदुकीकडे मागून पुढे असे पाहा. दस्त्याचे लाकूड आणि नळीचे लोखंड एकाच वयाचे वाटते का? नळीच्या बाजूचे छिद्र मूळचे आहे, की त्यात नंतर बोंडी बसवली आहे? चिमट्याची फट लाकडाने बुजवलेली दिसते का? तोंडाशी फुगवटा शाबूत आहे, की घासलेला? पाटीवर बहुधा एकच साल असेल. बंदुकीवर मात्र तीन-चार कारागिरांचे हात दिसतील, आणि त्यांपैकी एकाचेही नाव पाटीवर नसेल.